भाकरी थापताना वाढलेली पावलं खरी मानायची का?

वाचकाचं पत्र

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. डॉक्टरांनी यांना शुगर बॉर्डरवर आहे म्हणून रोज दहा हजार पावलं चालायला सांगितलं, तेव्हा यांनी स्मार्टवॉच घेतलं. मला दिवाळीत साधा बँड मिळाला. मुलगा म्हणतो, खिशातला मोबाइल पुरेसा आहे. गेल्या रविवारी तिघं बरोबरच कंबर तलावावर चाललो, तर यांच्या घड्याळात ६२००, माझ्या बँडमध्ये ५५०० आणि मुलाच्या मोबाइलमध्ये ४८००. भाकरी थापताना, भांडी घासताना माझी पावलं वाढतात. हे हसून म्हणतात, "तू तर घरातच असतेस." सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, काठी घेऊन चालतात. सिद्धेश्वराच्या देवळात फिरून आल्या तरी त्यांच्या हातातल्या बँडवर जेमतेम ३०० दिसले. शेजारच्या मावशींनी गंमत म्हणून बिड्या वळताना माझा बँड घातला, तर बसल्या जागी चारशे पावलं झाली! आता एमआयडीसीत यंत्रमागावर असलेले भाऊजीही घड्याळ घ्यायचं म्हणतात. खरं कुठल्या यंत्राचं मानायचं? आणि सासूबाईंसाठी कुठलं घ्यावं?

— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, रविवारच्या भांडणाचा निकाल आधी लावू. तिघं बरोबर चाललात म्हणून तिघांची पावलं सारखी यावीत, हे गृहीतच धरू नका. मुलगा उंच असेल, ढांगा टाकत चालत असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांना त्याची पावलं कमीच पडणार. तुम्ही साडी सांभाळत चाललात तर तुमची वाढणार. म्हणजे त्या फरकातला काही भाग खरा आहे, यंत्रांचा दोष नाही. यंत्रांची तुलना करायची तर तिन्ही एकाच माणसाच्या अंगावर हवीत. येत्या रविवारी यांचं घड्याळ आणि तुमचा बँड दोन्ही तुमच्याच हातांत घाला, मोबाइल कमरेला खोचा आणि तोंडाने पावलं मोजत चला. शंभर झाली की एक बोट दुमडायचं, पाच बोटं झाली की थांबायचं. पाचशेला पंचवीस-तीसचा फरक आला तर यंत्र चांगलं म्हणायचं. शंभरचा आला तर त्याच्या आकड्यावर घरात वाद घालू नये.

आता भाकरीकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

यातल्या कुठल्याच यंत्राला पाऊल दिसत नाही. आत तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असा एक भाग असतो, अॅक्सेलरोमीटर. आपण वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे किती झटक्याने हललो, हे तो एका सेकंदात कित्येकदा टिपतो. त्या टिपणातून ठरावीक तालाची हालचाल शोधायची आणि तिला पाऊल म्हणायचं, एवढंच यंत्राचं काम. चालताना हात तालात हलतो. भाकरी थापतानाही हात तालातच पडतो, शिवाय परातीवर आपटल्याचा छान झटका बसतो. मनगटावरच्या यंत्राने त्याला पाऊल समजलं तर नवल नाही. भांडी घासण्याचं आणि धुणं आपटण्याचंही तेच.

पण याच स्वयंपाकघरात यंत्र तुमच्यावर उलटा अन्यायही करतं. बऱ्याच बँडांना लागोपाठ काही पावलं एका लयीत पडल्याशिवाय ती मोजायचीच नाहीत असं शिकवलेलं असतं. हात उगाच हलला तर त्याचं पाऊल होऊ नये, म्हणून ही काळजी. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं, फ्रिजपासून देवघरापर्यंत सहा, मग दाराची बेल वाजली म्हणून पुन्हा सात. अशी दिवसभरातली शेकडो पावलं त्या नियमात बसत नाहीत आणि बाद होतात. एका हातात कळशी किंवा भाजीची पिशवी असेल आणि बँड त्याच हातात असेल, तरीही तेच. हात स्थिर राहिला म्हणजे यंत्राच्या लेखी तुम्ही उभ्याच. तेव्हा भाकरीने दिलेली खोटी पावलं आणि ओट्यापाशी बुडालेली खरी पावलं यांची बेरीज-वजाबाकी होऊन रात्री जो आकडा दिसतो, त्यावरून "तू घरातच असतेस" असं कुणी म्हणू नये. यांना हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही.

त्यांच्या घड्याळाचीही एक परीक्षा घ्या. स्कूटर काढण्यापूर्वी आकडा पाहायचा, नवी पेठेत जाऊन यायचं आणि उतरल्यावर पुन्हा पाहायचा. आपल्या रस्त्यांच्या कृपेने काही घड्याळं बसल्या बसल्याही चालतात.

मावशींच्या चारशे पावलांची गोष्ट वाचून मला फार आनंद झाला, कारण या विषयातले संशोधकही ज्या प्रश्नाशी झगडतात तो त्यांनी घरबसल्या दाखवून दिला. बिडी वळणाऱ्या बाईचे हात थांबत नाहीत आणि कंबर हलत नाही. मनगटावर यंत्र बांधलं तर ते म्हणेल, बाई दिवसभर कामात आहे. कमरेला बांधलं तर म्हणेल, बाई झोपली आहे. मांडीवर बांधलं तर म्हणेल, बाई बसून आहे. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही, जो तो आपल्या जागेपुरतं सांगतो.

संशोधनासाठी वापरली जाणारी यंत्रं म्हणूनच जागेप्रमाणे वेगळी आहेत. अॅक्टिग्राफ अनेक वर्षं कमरेच्या पट्ट्यावर बांधत आले. अॅक्टिव्हपाल मांडीवर चिकटवतात. मांडी आडवी आहे की उभी, यावरून माणूस बसला आहे की उभा, हे त्याला नेमकं कळतं, आणि या कामात मनगटी यंत्रं त्याच्या जवळपासही येत नाहीत. अॅक्सिव्हिटी आणि जेनअॅक्टिव्ह प्रामुख्याने मनगटावर वापरतात. ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त लोकांनी अॅक्सिव्हिटी सात-सात दिवस मनगटावर घातलं. यातल्या बहुतेकांना पडदाही नसतो. घालणाऱ्याला काही दिसत नाही, त्यामुळे आकडा बघून तो मुद्दाम जास्त चालत नाही. दुकानातल्या घड्याळाचं उलट आहे. त्याने तुम्हाला चालवावं यासाठीच ते बनवलेलं असतं, आणि आतलं गणित कंपनी उघड करत नाही. अपडेट आला की गणित बदलूही शकतं. जानेवारीच्या आकड्याशी जूनचा आकडा ताडून पाहताना हे ध्यानात ठेवा.

पावलं मोजायला कंबर मनगटापेक्षा भरवशाची, तर सगळे मनगटाकडे का वळले? कारण माणसं कमरेचं यंत्र नेमाने घालतच नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २००३ ते २००६ दरम्यान कमरेचा पट्टा दिला होता. लोक तो आंघोळीला, झोपताना काढत आणि परत बांधायला विसरत. २०११ पासून तिथे मनगटी यंत्र दिलं, तेव्हा ते अंगावर राहण्याचे तास बरेच वाढले. आपल्याकडे तर कमरेचा प्रश्न आणखी वेगळा. क्लिपचं यंत्र पँटच्या पट्ट्याला बसतं, साडीत ते परकराच्या नाडीला अडकवावं लागतं आणि वाकलं की फिरतं. जुन्या पद्धतीच्या, आत स्प्रिंगवर दांडा असलेल्या पेडोमीटरचं पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेवर असंच व्हायचं. यंत्र तिरकं झालं की पावलं गळायची.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी नवीन काही घेऊ नका. त्यांचे ३०० खरे नाहीत, हे तुम्ही ओळखलंतच. माणूस ताशी तीन किलोमीटरपेक्षा हळू चालायला लागला की पावलाचा झटका इतका मंदावतो की बहुतेक मनगटी आणि कमरेची यंत्रं पावलं सोडून द्यायला लागतात. काठीने चालीचा तालही बदलतो. महागडं घड्याळ घेतलं म्हणून हे दुखणं जाईलच असं नाही. असलेल्या बँडचीच जागा बदलून बघा. पट्टा लांब असेल तर घोट्यावर, नाहीतर मोज्यात नीट खोचून. पायाला बांधलेलं यंत्र संथ चाल मनगटापेक्षा पुष्कळ चांगलं पकडतं. त्यासाठी स्टेपवॉच नावाचं खास घोट्यावरचं यंत्र संशोधनात वापरलं जातं. फक्त बँडच्या अॅपला आपण पायात आहोत हे ठाऊक नसतं. तेव्हा दोनशे पावलं तुम्ही त्यांच्या बरोबर चालून मोजा आणि मगच विश्वास ठेवा.

त्यांच्या नाडीचा आकडाही मनावर घेऊ नका. बँडच्या पोटाशी जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचा उजेड कातडीतून आत जातो आणि रक्ताच्या प्रत्येक ठोक्यागणिक कमी-जास्त शोषला जातो. परत आलेल्या उजेडावरून यंत्र नाडी ओळखतं. त्या वयाच्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या मनगटावर गोंदण असतं. ती शाई तोच उजेड अडवते. त्यात बांगड्या बँडला ढकलत राहतात आणि बँड कातडीपासून सुटतो. बँड गोंदण नसलेल्या हातात, बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं कोपराकडे आणि हलणार नाही इतपत घट्ट बांधा. त्या ब्लडप्रेशरची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना एक विचारून ठेवा. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या नाडी मुळातच कमी ठेवतात, आणि नाडीवरून मेहनत ओळखणारं घड्याळ अशा माणसाला आळशी ठरवतं.

खरं तर त्यांच्यासाठी पावलं मोजूच नयेत असं माझं मत आहे. मिनिटं मोजा. भिंतीवरचं घड्याळ पाहून सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायामही करायला सांगते, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. कट्ट्याला धरून उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, असं काहीतरी. हे यांपैकी कुठलंच घड्याळ धड मोजत नाही. सुरुवातीला त्यांच्याजवळ कुणीतरी उभं राहा.

यांच्या दहा हजारांबद्दल. डॉक्टरांनी सांगितलं आहे, तर चालू द्या, त्याने वाईट काही होत नाही. पण तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि दहा हजार हा आकडा त्या यंत्राबरोबर जगभर गेला. संशोधन नंतर झालं. पंधरा अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं, की साठीच्या आतल्या लोकांत अकाली मृत्यूचा धोका ८ ते १० हजार पावलांपर्यंत उतरत जातो आणि पुढे फारसा उतरत नाही. साठीपुढे हीच मर्यादा ६ ते ८ हजारांवर येते. २०१९ मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांनी कमरेला यंत्र बांधलं होतं. रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. अशा अभ्यासात आधीच धडधाकट असलेली माणसं जास्त चालतात हेही असतंच, पण सासूबाईंना दहा हजारांचा धाक घालायचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

यांनी पावलांच्या संख्येपेक्षा वेगाकडे बघावं. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की मोठ्या माणसाचं चालणं मध्यम श्रमाचं धरतात. हे तपासायला घड्याळाच्या अॅपचीही गरज नाही. सेकंदकाटा बघून पंधरा सेकंद मोजायचं, पंचवीस पावलं झाली की वेग बरोबर. अशा चालीचा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा हिशोब जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिला आहे. त्याच वेळी त्यांनी जुनी एक अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटं केलं तरच ते धरायचं असं होतं, आता पाच मिनिटंही चालतात, आणि घरकाम, नोकरीतलं काम, येणं-जाणं सगळं धरलं जातं. झाडू मारणं, जोर लावून फरशी पुसणं या कामांत शरीर नुसतं बसून राहण्याच्या तिपटीहून जास्त शक्ती खर्च करतं, म्हणजे तेही मध्यम श्रमच. बसून भाकरी थापणं मात्र त्यात येत नाही. तेवढं यांचं म्हणणं खरं.

कॅलरीचा आकडा तिघांनीही बघायचा बंद करा. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात साठ जणांच्या हातांवर सात प्रकारची घड्याळं बांधून तपासणी झाली. त्यातल्या सहा यंत्रांची नाडीची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यांत बरं यंत्रही २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळात "३५० जळल्या" असं बघून शेंगाचटणीबरोबर आणखी एक कडक भाकरी वाढून घेणारे गृहस्थ आपल्या गावात कमी नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा चाळिशीच्या वर गेला की तेवढ्याच चालण्याला नाडी जास्त धावते. घड्याळ त्याला जोरदार व्यायाम म्हणेल, ती निव्वळ उन्हाची करामत असते.

भाऊजींचं प्रकरण तुमच्या सगळ्यांपेक्षा अवघड. ते पाळीभर मागांमधून येरझाऱ्या घालत असतील, तर पावलं भरपूर होत असणार. पण चालू मागावर हात टेकला की त्याची धडधड मनगटात उतरते. घड्याळ तिला काय समजतं, हे एका पाळीत तपासूनच कळेल. मनगटाबरोबर खिशात मोबाइलही ठेवून दोन्ही आकडे बघायला सांगा. मोठी तफावत आली तर खिशातला जास्त खरा धरा. आणि वजन कुठल्याच घड्याळाला कळत नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलून चालणाऱ्याचे हात काठीला घट्ट धरलेले असतात. मनगटावरच्या यंत्राला तो जवळजवळ स्वस्थ उभा वाटेल, आणि त्याची कंबर काय सोसते ते त्याचं त्याला ठाऊक. सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, हलवणाऱ्याचं तसंच आहे. शिवाय फिरत्या यंत्राजवळ मनगटावर पट्टा घालणं धोक्याचं आहे, तो अडकू शकतो. मुकादमाला विचारल्याशिवाय भाऊजींनी कामावर काही घालू नये. मला विचाराल तर त्यांनी पैसे वाचवावेत. पाळीत दमून आलेल्या माणसाला आणखी पावलांची टोचणी कशाला? त्यांना पाठीसाठी आणि दंडांसाठी थोडा व्यायाम आणि पुरेशी झोप जास्त उपयोगी पडेल.

तर खरं कुणाचं मानायचं? दुसऱ्याच्या यंत्राशी आपल्या यंत्राची तुलना करायचीच नाही. तुमचा बँड तुमच्याच हातात, रोज त्याच मनगटावर, आणि अॅपमध्ये उजवा-डावा हात निवडायची सोय असेल तर ती एकदा नीट निवडून. एक आठवडा काही न बदलता घाला, सुट्टीचा दिवसही त्यात धरा. ज्या दिवशी दहा तासांपेक्षा कमी वेळ अंगावर राहिला तो दिवस सोडून द्या. निदान चार चांगले दिवस हाती आले की त्यांची सरासरी काढा. संशोधकही साधारण हाच नियम लावतात. मग महिन्याने पुन्हा तसाच आठवडा. भाकरीची खोटी पावलं दोन्ही आठवड्यांत जवळपास सारखीच असतील, त्यामुळे फरक जो दिसेल तो बहुतांशी तुमच्या चालण्याचा असेल. भाकरी करताना बँड काढून ओट्यावर ठेवलात तरी चालेल, पण मग रोजच काढा. एक दिवस काढला, एक दिवस ठेवला, असं नको.

नवीन घ्यायचंच झालं तर यांचं घड्याळ बिघडेल तेव्हा घ्या. दुकानात गेल्यावर पडदा किती मोठा, खेळ किती प्रकारचे मोजतं, हे विचारत बसू नका. पट्टा बदलून मिळतो का, चार्ज किती दिवस टिकतो, रोजचे आकडे अॅपमधून बाहेर काढून ठेवता येतात का, एवढं विचारा. आणि शक्य असेल तर हातात घालून दुकानासमोरच्या फुटपाथवर शंभर पावलं चालून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.